काळं किती ठेवायचं

रामसे बंधूंच्या भुताच्या सिनेमांची नावं एकदा ओळीनं वाचून पाहावीत. 'दरवाजा', 'गेस्ट हाऊस', 'होटल', 'पुराना मंदिर', 'तहखाना', 'डाक बंगला', 'वीराना', 'पुरानी हवेली', 'बंद दरवाजा'. भुताचं नाव शोधावं लागतं. सगळ्या जागा आहेत : राहायच्या, उतरायच्या, सोडून गेलेल्या, कडी घालून ठेवलेल्या. १९७२च्या 'दो गज जमीन के नीचे'मध्ये तर जमीन मोजूनच दिलेली. म्हणून या सिनेमांच्या पोस्टरवर एखादी वास्तू हमखास असायची. वर भलामोठा विद्रूप चेहरा, खाली किंचाळणारी नटी, तिरकी लाल अक्षरं आणि मागे चांदण्यातली, काळ्या खिडक्यांची हवेली.

मी ही पोस्टरं पाहिली ती ऐंशीच्या दशकातल्या डोंबिवलीत. तेव्हा आमचं अख्खं गावच बांधकामाला काढलेलं होतं. जुनी बैठी घरं पडत होती, आवारातले आंबे-फणस तुटत होते आणि नजर जाईल तिथे अर्धवट इमारती उभ्या होत्या. गिलावा नाही, चौकटी नाहीत, जिन्याला कठडा नाही. शाळेतून येताना अशा इमारतींवरूनच यावं लागायचं. त्यांच्या कुंपणाच्या पत्र्यावर रामसेंचं पोस्टर डकवलेलं आणि पत्र्यामागे खऱ्याखुऱ्या काळ्या खिडक्या. पोस्टरचं निम्मं काम आमच्या गावानंच करून ठेवलं होतं. त्या खिडक्यांतून कोणी बघत असेल का, हा विचार मनात आला की आम्ही पोरी दप्तरं छातीशी धरून पळत सुटायचो. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच वाटेनं, मुद्दाम, पोस्टर बघायला.

माझा मामा पेंटर होता. कल्याणला पारनाक्याजवळ राहायचा. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची नावं, गणपती मंडळांच्या देखाव्यांचे पडदे, निवडणुकीच्या भिंती, सगळं करायचा. पण त्याचं खरं काम थिएटरच्या बॅनरचं. छापील पोस्टर डिस्ट्रिब्युटरकडून यायची. तीस इंच बाय चाळीस इंचांचं एक, आणि सहा कागद जोडून होणारं मोठं सिक्स-शीटर. ती शहरभर चिकटवायला सायकलवरून खळीची बादली घेऊन माणसं फिरायची. थिएटरच्या दर्शनी भागावर मात्र हातानं रंगवलेला कापडी बॅनर लागे, आणि तो गावातल्याच पेंटरकडून करून घ्यायचा रिवाज होता. त्या वेळी थिएटरंही काही कमी नव्हती. डोंबिवलीत तिलक, गोपी, पूजा आणि मधुबन, कल्याणात भानुसागर, उल्हासनगरात वीनस, अशोक-अनिल, ठाण्यात गणेश, वंदना, मल्हार, आनंद. दर शुक्रवारी नवा पिक्चर, म्हणजे दर गुरुवारी रात्री नवा बॅनर.

मे महिन्याच्या सुट्टीत मी मामाकडे राहायला जायचे आणि तो मला कामावर घेऊन जायचा. थिएटरच्या मागच्या आवारात लाकडी चौकटींवर मांजरपाट ताणलेला असे. त्याला सरस आणि व्हायटिंगचा, म्हणजे पांढऱ्या खडूच्या भुकटीचा, हात देऊन तो वाळवायचा. मग नीळ लावलेली दोरी ताणून टणकन सोडायची की कापडावर सरळ रेघ उमटे. आडव्या, उभ्या रेघा मारून चौकोन पाडायचे. हातातल्या फोटोवरही तसेच बारीक चौकोन. फोटोतल्या एका चौकोनात नाकपुडी असेल तर कापडावरच्या त्या चौकोनात तेवढीच नाकपुडी, हातभर. अळशीच्या तेलात कालवलेले रंग डब्यांत, ब्रश भिंत रंगवायचे असतात तसले रुंद. मामा लाकडी घोड्यावर चढून काम करायचा आणि जवळून त्याला काहीच दिसत नसे, नुसते हिरवे-जांभळे पट्टे. मधूनच तो खाली उतरून रस्ता ओलांडायचा, रिक्षा स्टँडपाशी उभा राहून डोळे बारीक करून बघायचा आणि परत यायचा. मला एकदा म्हणाला, "अगं, चित्र इथे नाहीये. चित्र तिथे रिक्षापाशी आहे. आपण फक्त रंग इथे लावतोय."

भीती कशी रंगवतात ते मी त्याच्याकडून ऐकलं. जिवंत माणसाच्या तोंडावर उजेड वरून पडतो. सूर्य वर, दिवा वर, म्हणून कपाळ, नाक, गालाची हाडं उजळ दिसतात आणि डोळ्यांच्या खोबणी, हनुवटीखालचा भाग सावलीत जातो. हा हिशेब आपल्या नजरेत लहानपणापासून बसलेला. तो उलटा केला, उजेड हनुवटीखालून दिला, की ओळखीचा चेहराही परका वाटतो; त्यासाठी सुळे काढायची गरज पडत नाही. दुसरी गोष्ट डोळ्यांची. बुबुळात पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला की डोळा बघायला लागतो. नायिकेच्या डोळ्यांत मामा तो ठिपका सगळ्यांत शेवटी, श्वास रोखून द्यायचा. सैतानाच्या डोळ्यांत द्यायचाच नाही. हिरव्याशेजारी लाल ठेवला की दोन्ही रंग थरथरल्यासारखे दिसतात, म्हणून चेहरा हिरवा आणि अक्षरं लाल. अक्षरांना ओघळ काढायचे ते सगळ्यांना सारखे नाहीत. एक लांब, दोन आखूड, एक अर्ध्यावर थांबलेला. "सगळे सारखे काढले की ती झालर होते, रक्त राहत नाही," तो म्हणायचा.

आणि काळं. मामाचं सगळं कसब काळ्यात होतं. छापील पोस्टरवर सैतान पुरा दिसायचा. 'पुराना मंदिर' १९८४चा. त्यातल्या सामरी या सैतानाच्या भूमिकेत अनिरुद्ध अग्रवाल होते. उंचापुरा देह आणि लांबुडका, हाडं वर आलेला चेहरा. असा चेहरा हाती लागल्यावर पोस्टर करणाऱ्यानं तो लपवायचा कशाला? पण मामा लपवायचा. अर्धा चेहरा रंगवायचा आणि उरलेला अर्धा काळ्यात बुडवून टाकायचा. कडेची रेघही ठेवायचा नाही. त्यावरून एका थिएटरच्या मॅनेजरशी त्याची चांगलीच जुंपली होती. मॅनेजरचं म्हणणं, अख्ख्या भुताचे पैसे दिलेत, अर्धं काय म्हणून काढलं? मामा म्हणाला, "साहेब, अर्धं बाहेर दाखवलंय. उरलेलं बघायला लोक तिकीट काढतील." त्या बॅनरचे पैसे कापून मिळाले. पुढच्या वेळीही त्यानं अर्धंच काढलं.

मला वाटतं, पोस्टरच्या कलेतलं याहून मोठं काही नाही. भीतीचं पोस्टर हा एक सौदा आहे. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला काहीतरी दाखवायचं आणि काहीतरी राखून ठेवायचं. जास्त दाखवलं तर त्याची हौस तिथेच फिटते, कमी दाखवलं तर तो पुढे निघून जातो. पुष्कळ वर्षांनी मी मामाला 'द एक्झॉर्सिस्ट'चं १९७३चं पोस्टर दाखवलं. रात्र, रस्त्यावरचा एक दिवा, हातात बॅग घेऊन पाठमोरा उभा असलेला टोपीवाला माणूस, आणि वरच्या खिडकीतून त्याच्यावर पडलेला उजेड. कुठेही भूत नाही, रक्ताचा थेंब नाही. मामा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "यानं भूत घरातच ठेवलंय. बाहेर आणलं नाही. शहाणा आहे."

भूत घरातच असतं, हे रामसेंनाही ठाऊक होतं. फत्तेचंद रामसिंघानी हे कराचीचे. तिथे त्यांचं रेडिओचं दुकान होतं, आणि इंग्रज गिऱ्हाइकांच्या तोंडी 'रामसिंघानी'चं 'रामसे' झालं, असं सांगतात. फाळणीनंतर ते मुंबईला आले, पुढे सिनेमा काढायला लागले. १९७०चा त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करतात त्या प्रसंगाला प्रेक्षक दाद देतात, हे मुलांनी थिएटरात बसून पाहिलं आणि तिथून भुतांचा धंदा सुरू झाला. सात मुलगे, कोणी लिहायचं, कोणी कॅमेरा धरायचा, कोणी आवाज, कोणी संकलन, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. मुरूडचा जंजिऱ्याच्या नवाबाचा राजवाडा त्यांच्या कितीतरी सिनेमांत भुतांनी वापरला.

कल्याणच्या शेजारी उल्हासनगर आहे. लष्करी छावणीच्या जागेवर सिंधी निर्वासितांनी वसवलेलं शहर. अजूनही जुनी माणसं त्याला कॅम्प म्हणतात. मामा तिथल्या थिएटरांचीही कामं करायचा. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे कराचीच्या घराची किल्ली होती, असं मामा सांगे. घर कधीच गेलेलं, किल्ली गल्ल्यात. रामसेंच्या हवेल्या, तळघरं, बंद दरवाजे आठवले की मला ती किल्ली आठवते. घर सोडून यावं लागलेल्या कुटुंबानं आयुष्यभर कुलूपबंद घरांचेच सिनेमे काढावेत, यात मला योगायोग दिसत नाही. तसं त्यांनी कुठे म्हटलं असेल-नसेल. मी माझ्यापुरतं म्हणते. ज्या प्रेक्षकांनी ते पाहिले, तेही बरेचसे घर सोडून आलेलेच होते. कोकणातून, देशावरून, चाळीतून ब्लॉकमध्ये. आजोळचं माजघर, पाटावर डोकं टेकलं की ऐकू येणारी घराची कुरकुर, बंद ठेवलेली खोली. हे सगळं मागे टाकून लोकलला लटकणाऱ्या माणसांना शनिवारी मॅटिनीला कोणीतरी परत त्या खोलीशी नेऊन सोडत होतं.

या पोस्टरांत एक गोष्ट होती जी मला तेव्हाही खटकायची, आज जास्त खटकते. सैतानाच्या खालोखाल ओल्या साडीतली नाहीतर न्हाणीघरातली बाई. वरच्या गोलातला 'A' आणि खालची ती बाई, दोन्ही मिळून तिकीट विकायचे. स्टेशनवरून घरी जाताना आई माझा हात धरून मला रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला न्यायची. भुतामुळे नव्हे, त्या बाईमुळे. मामानं त्याही बाया रंगवल्या. ते त्याच्या पोटाचं काम होतं, आणि मी त्याचं समर्थन करत नाही. एवढंच सांगते, की किंचाळणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर तो सगळ्यांत जास्त वेळ घालवायचा. ती घाबरलेली दिसली पाहिजे, म्हणायचा, नटलेली नाही. छापील पोस्टरवर ती बहुधा नटलेलीच असे.

आठवड्यानं पिक्चर उतरला की बॅनरही उतरायचा. कापड महाग, म्हणून त्याच कापडावर पुन्हा व्हायटिंगचा हात मारून पुढचा पिक्चर. एका कापडावर असे किती चेहरे बसलेले असत कोण जाणे. पावसाळ्यात गंमत व्हायची. सर आली की व्हायटिंग धुपून जाई आणि खालचा तेलाचा रंग वर डोकावू लागे. एका जुलैत, एका प्रेमकथेच्या बॅनरवर नायिकेच्या गालातून मागच्या आठवड्यातला हिरवा चेहरा उगवत आला. आधी कपाळ, मग ठिपका नसलेला डोळा. थिएटरसमोर छत्र्यांची गर्दी जमली. मॅनेजरनं मामाला बोलावणं पाठवलं. मामा आला, रिक्षा स्टँडपाशी पावसात उभा राहिला आणि बघतच राहिला. मामाचा चेहरा तसा मला नंतर कधी दिसला नाही. त्याला आपलं मोडलेलं काम परत बघायला मिळालं होतं. मग शिडी लावून वर चढला आणि ओल्या फडक्यानं ते पुसत बसला.

कल्याणच्या माणसाला पोस्टरचा अभिमान वाटावा असं एक कारण आहे, आणि ते मामा ज्याला त्याला सांगायचा. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, सिनेमे काढले आणि त्यांची पोस्टरंही स्वतः रंगवली. नाटकाचे पडदे रंगवून तयार झालेला हात. त्यांच्या १९२४च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे आपल्याकडच्या सिनेमाचं आज टिकून असलेलं सर्वांत जुनं पोस्टर मानलं जातं. गोष्ट कल्याणच्या खजिन्याची आणि शिवाजी महाराजांपुढे आणलेल्या सुभेदाराच्या सुनेची. "टिकलं ते पहिलं पोस्टर आमच्या गावाचं," मामा म्हणायचा, जणू ते त्यानंच रात्री जागून रंगवलं होतं. दिवाकर करकरे यांचं नावही तो आदरानं घ्यायचा. 'दीवार'च्या पोस्टरवरचे ते जाड, सुरीनं लावल्यासारखे रंगाचे फटकारे त्यानं वर्षानुवर्षं घोटून पाहिले होते.

मग फ्लेक्स आला. रात्रीत छापून मिळायचा, पावसात धुपत नसे, आणि मुंबईतल्या ऑफिसातून जसा निघे तसाच कल्याणला, सोलापूरला, सगळीकडे एकसारखा लागे. थिएटरंही एकेक करून गेली. काहींचे मॉल झाले. गोपीचं नाव मॉलला चिकटून राहिलं, वंदनाचं एसटी स्टँडला, वीनसचं चौकाला. मुंबईत ग्रँट रोडच्या आल्फ्रेड टॉकीजमध्ये शेख रहमान हे पेंटर अगदी अलीकडेपर्यंत हातानं बॅनर रंगवत होते. त्यांच्यावर 'ओरिजिनल कॉपी' नावाचा माहितीपट निघाला. मामावर असं काही निघालं नाही. तो नंबर प्लेट रंगवू लागला, मग तेही रेडियमचं झालं. शेवटी शाळांच्या भिंतींवर फळं आणि प्राणी. मुलं मागे लागायची, काका, भूत काढा. बाई नाहीत असं बघून तो एखाद्या झाडाच्या ढोलीत डोळ्यांची जोडी काढून द्यायचा, बाकी सगळं काळं.

पुढे त्याला मोतीबिंदू झाला. सगळं पिवळट दिसतं म्हणायचा, निळा रंग कुठे गेला म्हणून विचारायचा. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि त्यानं खिडकीबाहेर बघून पहिलं वाक्य उच्चारलं, "निळा आला परत." त्या वर्षीच्या पावसाळ्यातच तो गेला. झोपेत गेला, असं मामी सांगते.

दिवसकार्याला त्याचा फोटो चौरंगावर ठेवला होता. आधार कार्डासाठी काढलेला, मोठा करून आणलेला. पुढे जमिनीवर समई. सगळे नमस्कार करत होते आणि मला मान वर करवेना. समईचा उजेड खालून त्याच्या हनुवटीवर पडत होता. हनुवटी उजळ, कपाळ काळं. आयुष्यभर जो उजेड त्यानं दुसऱ्यांना दिला तो. मी उठले, आतून एक उंच स्टूल आणलं आणि समई त्याच्यावर, फोटोच्या वरच्या कडेशी येईल अशी ठेवली. मामीनं बघितलं. काही विचारलं नाही, उलट वात सारखी केली.

त्याचं काम आता कुठेच नाही. छापील पोस्टरांना आज भाव आहे. रामसेंची जुनी पोस्टरं हौशी लोक चांगले पैसे मोजून घेतात. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून सिनेमाचे कागद सांभाळतंय, मुंबईत पेडर रोडला गुलशन महालात २०१९मध्ये सिनेमाचं म्युझियम झालं. जे छापलं गेलं त्याची एखादी तरी प्रत कुठेतरी निघते. जे एकाच कापडावर, एकाच शहरासाठी, एका आठवड्यापुरतं रंगवलं गेलं ते व्हायटिंगखाली गेलं. कापडं अगदीच जीर्ण झाली की चाळींच्या कौलांवर पावसाळ्यात अंथरली जायची, हातगाड्यांवर झाकली जायची. २०२४च्या सप्टेंबरात 'तुंबाड' पुन्हा थिएटरांत लागला तेव्हा त्याचं पोस्टर मी मोबाइलवर पाहिलं, अंगठ्याच्या नखाएवढं. वाईट नव्हतं. काळं भरपूर ठेवलं होतं. पण ते माझ्यासाठी, माझ्या रस्त्यासाठी, आमच्या रिक्षा स्टँडवरून दिसावं म्हणून कोणी रंगवलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी एका मैत्रिणीच्या घरी जुने अल्बम बघत होते. कल्याणच्या विसर्जन मिरवणुकीचा फोटो. पुढे लेझीम, गुलालानं माखलेली पोरं, ट्रॅक्टरवर गणपती. मागे, डाव्या कोपऱ्यात, थिएटरच्या कपाळावर बॅनर. नाव वाचता येत नाही, फोटोत कापलं गेलंय. पण अर्धा हिरवा चेहरा दिसतो आणि उरलेला अर्धा काळा, कडेला रेघ नाही. छापील पोस्टरवर तो चेहरा पुरा असणार. तसा अर्धा ठेवायची हिंमत माझ्या माहितीत या बाजूला एकाच माणसात होती.

तेव्हापासून मी लोकांचे अल्बम मागत फिरते. ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात, उल्हासनगरात ज्यांच्या घरी सत्तर-ऐंशी-नव्वदच्या दशकांतले फोटो असतील त्यांनी ते एकदा काढून बघावेत. वराती, मिरवणुका, नव्या स्कूटरपुढे उभं राहून काढलेले, पिक्चरला गेलो म्हणून थिएटरच्या दारात काढलेले. नवरदेवाकडे नंतर बघा, आधी त्याच्या डोक्यामागे बघा. कुणा पेंटरचं काम तिथे सापडेल, माझ्या मामाचं नसेल, दुसऱ्या कोणाचं असेल, तरी ते नाव-गाव-सालासकट मागे लिहून ठेवा. आणि फोटो स्कॅन करायला दिलात तर दुकानदाराला कडा कापू देऊ नका. बॅनर बहुतेक वेळा कडेलाच असतात.